दोन बोटं तेल

आमच्या ओट्यावर तेलाची एक स्टीलची बरणी आहे. लग्नात माहेरच्या भांड्यांबरोबर आलेली. बुडाशी अण्णांचं नाव आणि साल कोरलंय, 1996. एक लिटरची पिशवी तिच्यात रिकामी केली की तेल बरोबर गळ्याशी येतं. म्हणजे यायचं. इतकी वर्षं मी कधी ते निरखून पाहिलं नव्हतं, कारण तशी गरजच पडली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी पिशवी ओतली आणि तेल दोन बोटं खाली राहिलं. आधी वाटलं, सांडलं. ओटा पाहिला, कोरडा. पिशवी कात्रीने उभी कापली, आतून बोटाने निपटून घेतली, तरी दोन बोटं कमीच. मग ती कापलेली पिशवी जोडून उजेडात धरली. रंग नेहमीचा, चित्र नेहमीचं, उंचीही तीच. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 800 ग्रॅम. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 110 ग्रॅम तेल माझ्या पिशवीतून निघून गेलं होतं, आणि किती महिन्यांपूर्वी गेलं ते मला सांगता येत नव्हतं. आधीच्या पिशव्या मी बरणीत थोडं शिल्लक असतानाच ओतल्या होत्या.

नंतर मी त्याबद्दल वाचलं. तेल, पीठ, तांदूळ, बिस्किटं अशा काही वस्तू ठरलेल्या वजनांच्या पुड्यांतच विकायचं पूर्वी बंधन होतं. 2022 मध्ये ते काढलं आणि त्याऐवजी ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे पडतात ते पुड्यावर छापायचा नियम आला. कागदावर हे ग्राहकाच्या सोयीचंच आहे. पण दुकानात मागे चार माणसं उभी असताना, चष्मा पिशवीत राहिलेला असताना, ग्रॅमला कितीचे पैसे याचे दशांश चिन्हानंतरचे आकडे कोण वाचतं? वजन माझ्या हाताला माहीत होतं. त्या हाताला फसल्यासारखं वाटलं, त्याची चीड आली. 110 ग्रॅम म्हणजे आमच्या चार माणसांच्या घरात एका दिवसाचा सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक. महिन्याला तीन पिशव्या, म्हणजे तीन दिवस.

मी महिन्याचा किराणा एकदम भरणारी बाई. पुण्यात धायरीला राहतो. यांची खासगी नोकरी, माझी शाळेतली, सासूबाई, आणि शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा. करोनाच्या आधी जी यादी साडेचार-पाच हजारांत बसायची तीच आता नऊच्या खाली येत नाही. ‘तीच’ म्हणायचं सवयीने. यादीतून काजू कधीच गेले, मग बदाम गेले. जिरं अर्धा किलोवरून पावावर आलं. सुकं खोबरं 2025 मध्ये वर्षभरात जवळजवळ दुप्पट झालं. येसर करताना खोबरं कमी घातलं की आमटीला तो दाटपणा येत नाही, आणि घरातला प्रत्येक जण जेवताना ते ओळखतो, पण कुणी काही बोलत नाही. ते न बोलणं मला जास्त लागतं. ‘आज आमटी पातळ झाली’ असं कुणीतरी म्हणावं, मी चिडावं, असं पूर्वी होत असे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तेलाची पिशवी घेत नाहीत. त्या रोज संध्याकाळी घरी जाताना दहा रुपयांचं तेल घेतात. छोटी बाटली घरून आणलेली असते. सुटं तेल विकायला कायद्याने बंदी आहे हे मला माहीत आहे, आणि भेसळीच्या भीतीने ती आहे हेही. पण ज्या घरात रोजचा पैसा रोज येतो तिथे एकशे चाळीस रुपये एकदम तेलात घालायचे कुठून? मी एकदा त्यांना म्हटलं, “तेल फार महागलं हो मावशी.” त्या म्हणाल्या, “आमच्याकडं नाही ताई महागत. दहाचं ते दहाचंच. बाटलीत खाली जातंय फक्त.”

माझी दोन बोटं आणि त्यांची बाटली मी मनात शेजारी शेजारी ठेवली. कंपनीने माझ्यासाठी जे 2022 नंतर केलं, ते गल्लीतल्या दुकानाने मावशींसाठी कायमच केलेलं आहे. केंद्राच्या 2023-24 च्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा 39.68 टक्के निघाला, खेड्यात 47.04. ही सरासरी. मावशींच्या घरात हा वाटा किती असेल हे विचारायला माझी जीभ उचलली नाही.

तेलाचं मला इतकं का लागतं, ते सांगायला मला गावाकडे जावं लागेल.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. काळी, भारी जमीन, विहिरींना उन्हाळ्यात पाणी नाही. रब्बीला ज्वारी, आणि ज्वारीच्या कडेने, मधूनमधून पट्टे पाडून करडी. करडीला पाणी लागत नाही, काळ्या रानातल्या ओलीवर ती येते. काटेरी असल्यामुळे बांधाकडेला लावली की गुरं आत शिरत नाहीत. कोवळी असताना तिची भाजी व्हायची आणि फुलायला लागली की तिच्या जवळून नुसतं जायचं म्हटलं तरी पोटऱ्या ओरबाडायच्या. काढणी भल्या पहाटे, दवाने काटे मऊ असेपर्यंत. माय हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची. तरी आठवडाभर ती संध्याकाळी चिमणीजवळ बसून सुईने बोटांतले काटे काढत असायची.

मग अण्णा पोती बैलगाडीत घालून घाण्यावर न्यायचे. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले होते. लाकडी घाणा, त्याभोवती फिरणारा झापडं बांधलेला बैल, आणि तो कोमट, कच्चट गोड वास. तेल पत्र्याच्या डब्यांत घरी यायचं, पेंड म्हशीला. आमच्या घरात साखर मोजून, चहापत्ती मोजून, पाहुणा आला की गुळाचा खडा मोजून. तेल मात्र कुणी मोजलं नाही. भाकरीवर कारळाची चटणी, तिच्यात बोटाने खळगा, आणि खळग्यात कच्चं करडीचं तेल. माय डब्यातून पळी काढायची ती भरून काढायची. आजही मी फोडणीला चमच्याने तेल मोजते तेव्हा माझा हात कुणीतरी धरल्यासारखा वाटतो.

ते तेल फुकट नव्हतं. मायच्या बोटांना त्याची किंमत ठाऊक होती. पण ती किंमत आमच्या रानात ठरत होती, आमच्या डोळ्यांसमोर.

माझं लग्न झालं त्याच सुमारास आमच्या भागात सोयाबीन आलं. शंभर दिवसांत निघणारं, काटे नसलेलं, बाजारात नेलं की हातात रोख देणारं पीक. अण्णांनी करडी कमी केली आणि दादाने बंद केली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्याने मायची बोटं पाहिली आहेत त्याला करडी सोडल्याचं दुःख करायचा अधिकार फार जपून वापरावा लागतो. घाणा मोडला, बैल गेले. पुढे दादाच्याही घरात तेलाची पिशवी यायला लागली. शेतात तेलबिया पिकवणारं घर तेल विकत घ्यायला लागलं. आमच्या एकट्याचं नव्हे, साऱ्या देशाचंच तसं झालं. 1986 साली केंद्राने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम काढली होती, आणि नव्वदीच्या सुरुवातीला खाद्यतेलाची बाहेरून करायची खरेदी अगदी थोडी उरली होती. आज लागतं त्याच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. 24 फेब्रुवारी 2022 ला तिकडे युद्ध सुरू झालं आणि दोन महिन्यांनी इंडोनेशियाने स्वतःच्या लोकांसाठी म्हणून पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा धायरीच्या दुकानात एका माणसाला दोनच पिशव्या मिळत होत्या. निर्यातबंदी महिनाभरात उठली. भाव उतरायला पुढे कितीतरी महिने गेले.

मला आता तो दिवस सांगायचाय ज्या दिवसापासून मी महागाईवर सरळ चिडू शकत नाही.

14 सप्टेंबर 2024. गणपती बसलेले होते. सकाळी दादाचा फोन आला. तो इतक्या सकाळी करत नाही, म्हणून मी घाबरूनच उचलला. तर आवाज एकदम मोकळा. “काय करायलीस? ऐकलंस का, बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरची ड्युटी वाढवली. कच्च्या तेलावर शून्य होती, 20 टक्के केली. रिफाइंडवर साडेबाराची साडेबत्तीस. आता आपल्या सोयाबीनला भाव येतोय बघ.” बाहेरचं स्वस्त तेल येऊन पडतं म्हणून इथल्या सोयाबीनला भाव नाही, हे तो मला दोन वर्षं सांगत होता. मी मनापासून म्हटलं, “बरं झालं रे दादा.” खरंच बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात दुकानात गेले. एकशे पंधराची पिशवी एकशे बत्तीस. दिवाळीच्या आधी एकशे चाळीसच्या वर. चकली, शेव, करंज्या, अनारसे, आणि मुलाला आवडतात म्हणून कडबोळी, अशा सगळ्या तळणाला आमच्याकडे पाच पिशव्या लागतात. मी तीन घेतल्या. अनारसे केले नाहीत. आणि घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की ज्या बातमीला मी ‘बरं झालं’ म्हटलं तीच ही बातमी. दादाला फोन करून यावर रागवायचं कसं? तो म्हणाला असता, “मग आम्ही फुकट द्यावं का?” आणि ते बरोबरच असतं.

तरी एक समाधान धरून ठेवलं होतं, की माझ्याकडून गेलेले पंचवीस रुपये निदान दादाच्या घरी पोचताहेत.

ते पोचले नाहीत. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि आमच्याकडच्या बाजारात चार ते साडेचार हजारांच्या मध्ये सौदे होत होते. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर दादा दोनदा ट्रॅक्टर घेऊन गेला. पहिल्यांदा ओलावा जास्त म्हणून परत. दुसऱ्यांदा बारदाना नाही म्हणून रात्रभर रांगेत राहून परत. 12 टक्क्यांची ओलाव्याची अट पुढे 15 केली, पण तोवर त्याने आडतीवर बेचाळीसशेने माल घालून टाकला होता. रब्बीचं बी-खत घ्यायचं होतं आणि भाचीची फी भरायची होती.

भाऊबीजेला तो पुण्याला आला. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि आम्ही दोघंच स्वयंपाकघरात बसलो होतो. मी कागद घेतला. “हे बघ. तुझं सोयाबीन 42 रुपये किलो. माझं तेल 140. मधले शंभर रुपये कोण खातंय?” मला वाटलं तो आडत्याचं नाव घेईल, मिलवाल्यांचं घेईल. मला ते ऐकायचंच होतं. कुणीतरी एक तोंड समोर हवं होतं.

दादाने कागद स्वतःकडे ओढला. म्हणाला, “अगं, क्विंटलातून तेल निघतं किती? अठरा किलो. तुझ्या एका लिटरला पाच किलो सोयाबीन घालावं लागतं. म्हणजे दोनशे दहाचा माझा मालच गेला तुझ्या पिशवीत.” मी बघतच राहिले. “मग बाकीचं?” “बाकीची पेंड. ऐंशी किलो. सोयाबीनचा भाव तेलावर नाही चालत, पेंडीवर चालतोय. अन् पेंडीचा भाव पडायलाय.” पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्याला. ब्राझील-अमेरिकेत सोयाबीनचं अमाप पीक, त्यामुळे बाहेर आपल्या पेंडीला कुणी विचारत नाही. इथे तांदूळ आणि मक्यापासून इथेनॉल करायला लागले, त्याचा उरलेला चोथा खाद्यात पेंडीच्या जागी स्वस्तात बसतो. म्हणून ड्युटी वाढली, तेल वाढलं, आणि सोयाबीन आहे तिथेच.

मधे कुणीच कमावत नाही असं मी म्हणत नाही. आडत, तोलाई, हमाली, वाहतूक, दुकानदार, सगळे आपापलं काढून घेतात आणि काही जण जास्तच काढतात. पण त्या कागदावर एक चोर सापडेल असं जे मला वाटलं होतं, तसा तो सापडला नाही. बहीण महाग घेते आणि भाऊ स्वस्त विकतो, दोन्ही एकाच दिवाळीत, आणि दोन्हींची कारणं तपासली तर प्रत्येक कारण आपल्या जागी खरं. मला हे फार असह्य झालं. त्या ऑक्टोबरात देशात खाण्याच्या वस्तूंची महागाई 10.87 टक्के असल्याचं नंतर जाहीर झालं. त्या आकड्यात मी होते. दादा कुठल्या आकड्यात होता?

दादा कागदाची घडी करत म्हणाला, “एकवीस साली नव्हतं का झालं उलटं.” 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. तेव्हा त्याच्या घरात एक पोतं शिल्लक नव्हतं, हिवाळ्यातच विकलेलं. तेलाला मी एकशे साठ मोजत होते. कोंबडीवाल्यांची ओरड झाली, सरकारने 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, आणि दादाचं नवं सोयाबीन रानातून निघेपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. त्या वर्षी मी त्याला विचारलं होतं, “आता तुमची चांदी असेल ना?” तो प्रश्न आठवला की मला अजून कसंतरी होतं.

सासूबाई दाराशी उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांची चौऱ्याऐंशी वर्षं झालीत. तरुणपण मुंबईत, गोरेगावच्या चाळीत गेलं. 1972-73 च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा मुंबईतल्या बायकांनी थाळ्या-लाटणी घेऊन मोर्चे काढले, त्यांत त्या गेल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे ते मोर्चे. सासूबाईंचं लाटणं त्यात तडकलं होतं, ते त्यांनी पुढे कितीतरी वर्षं वापरलं. रेशनवरची मिलो ज्वारी, लाल, चिवट, ती भाकरी थापता येत नव्हती म्हणून बायका दुकानासमोर कशा रडल्या, हे त्या सांगतात. त्या रात्री त्या एवढंच म्हणाल्या, “आम्हाला निदान माहीत होतं गं, थाळी कुणाच्या दारात वाजवायची ते. साठा कुणाच्या गोदामात आहे ते पण माहीत असायचं.”

मी त्या वाक्यापाशी खूप दिवस अडकले होते. मी थाळी कुठे वाजवू? जकार्तात? बंदरावर? की औशाला जाऊन दादाच्या दारात? सरकारच्या दारात वाजवावी म्हटलं तर माझ्या शेजारी दादाही थाळी घेऊन उभा असणार, आणि मी ड्युटी कमी करा म्हणणार, तो वाढवा म्हणणार. 2025 मध्ये मेच्या शेवटी कच्च्या तेलावरची ड्युटी 20 वरून 10 केली. त्या दिवशी दादाचा फोन आला नाही. मीही केला नाही.

नोव्हेंबरात यांनी पेपर वाचता वाचता सांगितलं, ऑक्टोबरची महागाई पाव टक्क्यावर आली. 0.25. मी ओट्याशी उभी होते, हातात त्याच महिन्याचं बिल. आता या आकड्याबद्दल मला जे कळलंय ते असं. मुलगा लहान असताना आम्ही दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीने त्याच्या उंचीची रेघ मारायचो. अठराव्या वर्षी रेघ जवळजवळ आदल्याच रेघेवर आली. म्हणून तो लहान झाला नाही. त्याची पँट पूर्वीच्या मापात बसली नाही. महागाई कमी झाली म्हणजे वाढायचा वेग कमी झाला, आणि पगाराची पँट मात्र कधीच आखूड झालेली आहे.

एवढंच सांगून थांबले तर ते अर्धवट होईल. त्या महिन्यात भाज्या आणि डाळी वर्षापूर्वीपेक्षा खरोखरच उतरल्या होत्या. सप्टेंबरच्या 22 तारखेपासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 वर आला, तोही यादीत दिसला. तूरडाळ दोनशेजवळ गेलेली मी पाहिली आहे, ती सव्वाशेच्या आत मिळाली तेव्हा मी दोन किलो जास्त घेतली. घरी येऊन डब्यात भरताना हात थांबला. डाळ उतरली म्हणजे तूर पडली. बाहेरून, मोझांबिक, म्यानमारकडून बिनशुल्क येणाऱ्या तुरीची मुदत 2026 च्या मार्चपर्यंत वाढवली होती, आणि दादाच्या बांधाला सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात.

उतरलं नव्हतं ते तेल. आणि त्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस पडला तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. दादाचं नदीकडचं रान खरडून गेलं. वरच्या रानातल्या सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब आले. हमीभाव त्या वर्षी 5328 केला होता. फोनवर तो म्हणाला, “भाव चांगला हाय. माल कुठाय?” भाऊबीजेला तो आला नाही. मी पाटावर सुपारी ठेवून ओवाळलं. त्या दिवाळीत मी तळणच केलं नाही. पैसे होते. पण कढईत तेल ओतायला मन होईना.

डिसेंबरात वहिनीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, “तुमच्या भाऊंनी वरच्या रानात दोन एकर करडी टाकलीय.” मला आधी ऐकूच आल्यासारखं वाटलं नाही. सोयाबीन गेलं, पाणी ओसरायला उशीर झाला, हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे नव्हते. करडीचं बी स्वस्त, आणि ओल भरपूर होती, म्हणून टाकली. बाकी काही कारण नाही. तरी मी दर आठवड्याला विचारत राहिले, फुलली का, केवढी झाली. दादा एकदा हसला. “आता काटे कुणाला टोचत नाहीत. हार्वेस्टर लावतात.” माय असती तर ते हार्वेस्टर बघायला बांधावर जाऊन बसली असती.

परवा करडी निघाली. लातूरला आता पुन्हा लाकडी घाणे लागलेत, विजेवर चालणारे, तिथून तो थोडं तेल काढून आणणार आहे. “पाच लिटर पाठवतो ट्रॅव्हल्सने.” मी म्हटलं, पाठव, पण पैसे घेतल्याशिवाय नाही. त्याला राग आला. बहिणीकडून तेलाचे पैसे घेऊ का? मी ऐकलं नाही. ज्याचं वर्षभराचं पीक पाण्यात गेलं त्याच्याकडून फुकट तेल घेऊन मी फोडणी देऊ शकत नाही. बरंच ताणल्यावर तो म्हणाला, “बरं, दे मग.”

“किती देऊ?”

पुण्यात घाण्याचं करडीचं तेल साडेतीनशे-चारशे रुपये लिटर आहे. मी तो भाव सांगितला. “एवढा?” तो म्हणाला, “एवढा नाही माझ्या तोंडून निघायचा.” मग मी करडीच्या हमीभावावरून हिशोब धरला. यंदा 600 रुपयांनी वाढवून तो 6540 केलाय, लिटरला साडेतीन-चार किलो करडी, वर घाण्याची मजुरी. मी आकडा सांगितला. दादा गप्प बसला. मग म्हणाला, “ह्याच्यात हार्वेस्टरचे निघतील. रानाचे नाहीत निघायचे.”

“मग तू सांग.”

“तूच सांग. घेणारी तू हायस.”

पाठीमागे वहिनीच्या तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं, ते ऐकू येत होतं. आम्ही दोघं बराच वेळ काहीच बोललो नाही. मग त्याने मुलाच्या परीक्षेचं विचारलं.

या महिन्याची यादी लिहायला घेतलीय. जिरं पाव किलो. तांदूळ. शेंगदाणे. गूळ. पिशवीचं तेल तीनऐवजी एक. त्याखाली लिहिलंय, करडीचं तेल, पाच लिटर, औसा. उजवीकडे आकड्याची जागा आहे. तिथे तीन दिवस झाले, काही लिहिलेलं नाही.